चाळीसगाव ते गुजरी महाल

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्व पायथ्याशी असलेला गुजरी महाल राजा मानसिंह तोमर याने आपल्या गुजर राणीसाठी बांधला. मानसिंहाची कारकीर्द १४८६ ते १५१६ अशी मानली जाते, म्हणजे महालाला पाच शतके उलटून गेली आहेत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने या महालात संग्रहालय उभे केले. खात्याचे प्रमुख एम. बी. गर्दे हे मराठी गृहस्थ होते. संस्थानाच्या हद्दीतील पडक्या देवळांतून, शेतांतून आणि उत्खननांतून मिळालेल्या मूर्ती त्यांच्या काळात येथे आणल्या गेल्या. खानदेशातल्या माणसाला हे संग्रहालय वाटते तितके दूर नाही, कारण भुसावळला रात्री गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेर येते. आमचे नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ, चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. ‘संग्रहालयातल्या मूर्ती पाहायच्या असतील तर आधी आपल्याकडचं देऊळ नीट पाहून घे, बापू,’ असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे प्रवासाची सुरुवात आम्ही उत्तरेकडे न करता चाळीसगावच्या दक्षिणेला केली.

शनिवार : पाटणे

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या कुशीत पाटणे हे गाव आहे. गौताळा औट्रम घाट अभयारण्याच्या झाडीत चंडिकादेवीचे, म्हणजे पाटणादेवीचे मंदिर उंच जोत्यावर उभे आहे. खानदेशातल्या असंख्य घरांची ही कुलदेवी असल्यामुळे येथे येणारा माणूस थेट गाभाऱ्याकडे जातो आणि बाहेरच्या भिंतींकडे फारसे कोणी पाहत नाही. काकूंनी ओटी भरली आणि आम्ही मंदिराभोवती फिरलो. कोनाडे, कोन आणि थरावर थर चढवलेले जोते यांतून सावल्या कशा पडतात हे नाना दाखवत होते. ऊन-पावसाने झिजलेल्या आकृतींचे चेहरे बहुतेक ठिकाणी सपाट झाले आहेत, तरी कमरेचा बाक आणि पायांची ठेवण यांवरून आकृती ओळखू येते.

पाटण्याची खरी कीर्ती एका शिलालेखामुळे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनी त्या मठाला दाने दिली. शके ११२८ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून बाजारात येणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा वाटा आणि चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, अशी तजवीज त्यात आहे. गणिताचा अभ्यास चालू राहावा म्हणून तेल्याच्या घाण्यावर बसवलेला हा कर मला फार आवडतो. गावालगतचे महादेवाचे देऊळही निकुंभांच्याच काळातले असून तेथील लेख शके १०७५ चा आहे.

वरच्या डोंगरात, आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची लेणी आहेत. नानांच्या गुडघ्यांमुळे या खेपेस आम्ही ती टाळली. पण पितळखोऱ्याच्या यक्षाची आठवण मात्र पुढे दोन दिवस निघत राहिली. ढेरपोट्या, हसऱ्या चेहऱ्याचा हा बुटका यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला, असे त्याच्या हातावरच कोरलेले आहे.

रविवार : रेल्वेची खिडकी

मध्यरात्र उलटल्यावर भुसावळला पंजाब मेल मिळाली आणि उजाडले तेव्हा गाडीने नर्मदा ओलांडली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा बरोबर असल्यामुळे स्थानकांवर उतरण्याचे काम पडले नाही. ज्यांना मूर्तिकलेची आवड आहे त्यांनी भोपाळच्या पुढे झोपू नये. प्रथम सांचीची टेकडी दिसते. तेथील तोरणांवर झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या स्त्रिया, म्हणजे शालभंजिका, दोन हजार वर्षांपासून आहेत. त्यानंतर लगेच विदिशा येते. बेतवा आणि बेस या नद्यांच्या बेचक्यात जुने बेसनगर होते आणि तेथे तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोरस या ग्रीक राजदूताने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. त्या स्तंभाला आसपासचे लोक ‘खांबबाबा’ म्हणून पुजत आले. त्या जागेचे उत्खनन देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी केले होते.

विदिशेहून सुमारे ४० किलोमीटरवर ग्यारसपूर आहे, त्याच जिल्ह्यात बडोह-पठारी आहे, आणि झाशी मागे टाकल्यावर डबरा स्थानकाच्या एका अंगाला सिंध व पार्वती नद्यांच्या संगमावर पवाया आहे. हे पवाया म्हणजे नाग राजांची पद्मावती नगरी. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’चे कथानक याच नगरीत घडते. आम्हाला संग्रहालयात जे पाहायचे होते त्यातले पुष्कळसे या रुळांच्या दुतर्फा असलेल्या गावांतून गेलेले होते. नानांनी शाळेचा नकाशा आणला होता आणि प्रत्येक गावाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढण्याचे काम माझ्याकडे होते. ग्वाल्हेर आल्यावर सामान टाकून लष्कर भागात एक फेरफटका मारला, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीचे दर्शन घेतले आणि लवकर झोपलो.

सोमवार : किल्ला

सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून हा दिवस किल्ल्यासाठी ठेवला होता. रिक्षाने उरवाई दरवाजाच्या बाजूने वर गेल्यास रस्त्याच्या कडेच्या खडकात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती लागतात. या पंधराव्या शतकातल्या, तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळातल्या आहेत. उभ्या आदिनाथांची उंची ५७ फूट आहे. बाबराने हा किल्ला पाहिल्यावर या मूर्ती फोडण्याचा हुकूम दिला आणि तसे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहूनही ठेवले. सगळ्या मूर्ती पाडणे शक्य नसल्यामुळे मुख्यतः चेहरे विद्रूप केले गेले आणि पुढे जैन समाजाने त्यांतील काही चेहरे पुन्हा घडवले. नव्या चेहऱ्याचा चुना आणि जुन्या देहाचा दगड यांच्या मधली रेघ खालून स्पष्ट दिसते.

मान मंदिर महालाच्या निळ्या टाइल्स आणि बदकांच्या रांगा प्रसिद्ध आहेत. तेथे गर्दी होती, आम्ही थोडक्यात आटोपले. तेली मंदिर आठव्या शतकातले, नेहमीच्या निमुळत्या शिखराऐवजी लांबट, गजपृष्ठाकार माथ्याचे आहे. मला ते दुरूनच अधिक भावले. सासबहूची जोडमंदिरे पाहायला मात्र वेळ हवा. मोठे मंदिर विष्णूचे असून कच्छपघात राजा महीपाल याच्या वेळचा विक्रम संवत ११५० चा, म्हणजे १०९३ चा लेख त्यात आहे. सभामंडपाच्या छतातली वर्तुळे पाहताना मान अवघडते, पण बाकावर पाठ टेकून बसले की छत आरामात पाहता येते.

परतीसाठी आम्ही पूर्वेकडची पायवाट धरली, कारण त्या उतारावर एकाच खडकातून कोरून काढलेले लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. प्रतिहार राजा भोज याच्या काळातला किल्ल्याचा कोटपाल अल्ल याने ते आपल्या वडिलांच्या नावाने कोरवले. विक्रम संवत ९३३, म्हणजे ८७६ चा तेथील लेख गणिताच्या इतिहासात गाजलेला आहे, कारण २७० आणि ५० हे आकडे त्यात वर्तुळाकार शून्यासह कोरलेले आहेत. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबाग देवाला दिली असून माळ्यांनी रोज ५० हार द्यावेत, असा तो व्यवहार आहे. त्याच लेखात तेल्यांनी घाण्यामागे देवाच्या दिव्यासाठी तेल द्यावे, असेही ठरवून दिलेले आहे. पाटण्याच्या लेखाहून हा लेख तीनशेहून अधिक वर्षांनी जुना, पण देवस्थान आणि मठ चालवण्याचा हिशेब दोन्हीकडे तोच. बागेसाठी जमीन, हारांसाठी माळी आणि दिव्यासाठी घाणा. भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाच्या गावाहून आलेल्या माणसाने ग्वाल्हेरला आणखी काही पाहिले नाही तरी हा लेख पाहावा, असे माझे मत आहे.

मंगळवार : गुजरी महाल

मानसिंहाच्या राणीला लोक मृगनयनी म्हणतात. राई गावच्या त्या गुजर कन्येने लग्नाआधी राजाला अट घातली की आपल्या गावच्या सांक नदीचे पाणी आपल्याला महालात मिळाले पाहिजे, अशी आख्यायिका सांगतात. महाल बाहेरून भक्कम, दुमजली, कोपऱ्यांवर घुमट्या असलेला आहे, आणि दगडात बसवलेल्या रंगीत फरश्यांचे काही तुकडे अजून टिकून आहेत. आत मोठे मोकळे चौक-अंगण, त्याच्या चारही बाजूंना लहानमोठ्या खोल्या आणि मध्यभागी खाली उतरणारे तळघर आहे. राहण्यासाठी बांधलेल्या खोल्यांत मूर्ती ठेवल्यामुळे एक गोष्ट घडते. नव्या संग्रहालयांच्या उंच दालनांत मूर्ती आपल्यापासून दूर राहतात, तसे येथे होत नाही. बेसनगरहून आलेला गुप्तकाळातला नृसिंह अशा जागेत समोर येतो तेव्हा माणूस नकळत एक पाऊल मागे सरतो.

आम्ही पवायाच्या माणिभद्र यक्षापासून सुरुवात केली. इसवी सनाच्या आगेमागे घडलेली ही उभी मूर्ती जाडजूड, सुटलेल्या पोटाची असून डाव्या हातात पैशांची थैली आहे. बैठकीवरच्या लेखात राजा शिवनंदीचे नाव आहे आणि माणिभद्राच्या भक्तांच्या गोष्ठीने ही मूर्ती बसवली असे म्हटले आहे. गोष्ठी म्हणजे आजच्या भाषेत मंडळच. वर्गणी काढून देव बसवण्याची आपली हौस किती जुनी आहे, हे येथे कळते. माणिभद्र हा व्यापाऱ्यांचा आणि वाटसरूंचा रक्षक मानला जाई, त्यामुळे थैली त्याच्या हातात शोभते. पितळखोऱ्याचा यक्ष डोक्यावर ओझे घेऊन हसतो. हा मात्र हिशेब चुकता झालेल्या सावकारासारखा ताठ उभा आहे.

पवायाच्याच तोरणाची तुळई पाहण्यात नानांनी जवळपास एक तास घालवला. ती दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे, कारण दारावरची तुळई येणाऱ्यालाही दिसते आणि जाणाऱ्यालाही. एका बाजूला बळीचा यज्ञ आणि वामनाने टाकलेले पाऊल आहे. दुसऱ्या प्रसंगात मध्यभागी एक नर्तकी असून तिच्याभोवती सगळ्या वादक स्त्रियाच बसलेल्या आहेत. एकीच्या हातात धनुष्यासारखी वाकलेली जुनी वीणा आहे, एकीकडे आजच्या सरोदीच्या वळणाचे तंतुवाद्य, कोणाकडे बासरी तर कोणापुढे मृदंग. नर्तकीचा एक हात अंगावरून आडवा गेलेला असून तिचे शरीर इतके वळलेले आहे की पाठ आणि पोट एकदमच दिसल्याचा भास होतो. नानांनी वहीत तीन वेळा ती वळणरेषा काढली आणि खोडली. वाद्यांचे आकार इतके नेमके आहेत की हे चित्र कोणा कारागिराने नुसत्या कल्पनेने कोरलेले नाही, मैफलीत बसूनच पाहिलेले असावे. मानसिंहाच्या दरबारात धृपदाची जोपासना झाली आणि त्याच्याच महालात ही हजार वर्षे आधीची मैफल येऊन बसली, हा निव्वळ योगायोग असला तरी मनात राहतो.

बेसनगरच्या मातृकांपाशी काकू थांबल्या. बसलेल्या, भरदार अंगाच्या, केसांची निरनिराळी रचना केलेल्या या मूर्तींतील बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत. काकूंनी त्या पाहिल्या, हात जोडले आणि मला म्हणाल्या, “हाई ते आपल्या साती आसरा शेतस.” आमच्याकडे नदीच्या किंवा विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड म्हणजे साती आसरा. त्यांना चेहरा नसतो, हात नसतात, वाहनही नसते. अभ्यासक मातृका आणि आसरा यांना वेगळे मानतील हे खरे, तरी सात जणींना एका रांगेत बसवून बायका-मुलांचे रक्षण मागण्याची रीत दोन्हींकडे आहे. काकूंचे म्हणणे मी वहीत टिपून घेतले. पर्समधून कुंकवाचा करंडा बाहेर येतो आहे हे पाहताच तेथील रखवालदार नम्रपणे पुढे आला. “मौसीजी, यहाँ सिर्फ़ दर्शन,” असे तो म्हणाला आणि काकूंनीही ते मान्य केले.

बडोहहून आलेल्या शिल्पात एक बाळंतीण पहुडलेली असून शेजारी नवजात बाळ आहे आणि मागे दासी उभ्या आहेत. देवकी आणि बाळकृष्ण अशी याची ओळख सांगतात. आईने बाळाकडे वळून घेतलेली कूस आणि बाळाच्या अंगाचा मऊ गोलावा हे दगडात कसे साधले असेल, याचा विचार करत आम्ही तेथे बराच वेळ होतो. देवांच्या इतक्या आयुधधारी मूर्तींमध्ये हे बाळंतिणीच्या खोलीतले दृश्य वेगळेच वाटते. यानंतर नरेसरच्या योगिनी पाहिल्या. बैठकीवर नावे कोरलेली असल्यामुळे कोण कोणती हे शोधण्यात नव्या माणसालाही रस वाटतो.

ग्यारसपूरची शालभंजिका कुलुपात ठेवलेली असते आणि विनंती केल्यावर दाखवतात. तिला ‘भारताची मोनालिसा’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती तुलना निरर्थक वाटते, कारण तिचे हसू हा तिच्या देहाच्या एकूण डौलाचा एक लहानसा भाग आहे. मूर्ती अपेक्षेपेक्षा लहान निघाली. हात तुटलेले आहेत, पायांचा खालचा भाग नाही, आणि जिची फांदी तिने धरली असेल ते झाडही नाही. तरीही कमरेतला बाक, एका बाजूला झुकलेली मान आणि छातीवरून घरंगळत गेलेला हार यांमुळे तुटलेले हात कोठे असतील हे डोळे आपोआप ठरवून टाकतात. मांडीवर वस्त्राची किनार इतकी पातळ कोरली आहे की वस्त्र आणि त्वचा यांत फरक करायला तिरपा उजेड लागतो. नानांनी रखवालदाराला थोडे बाजूला सरकायला सांगितले तेव्हा ती किनार दिसली. ही मूर्ती दहाव्या शतकाच्या सुमाराची असल्याने सांचीच्या तोरणावरच्या तिच्या थोरल्या बहिणीपासून तिच्यापर्यंत हजार वर्षांचे अंतर आहे. त्या थोरलीने झाड घट्ट धरले आहे आणि हिचे झाड नाहीसे झाले आहे. दोघींत उभे राहण्याची ढब मात्र तीच राहिली.

बुधवार : पुन्हा महालात

परतीची गाडी रात्रीची असल्याने सकाळी पुन्हा दोन तास गुजरी महालात गेलो. सकाळचे ऊन अंगणात तिरपे येते आणि व्हरांड्यात ठेवलेल्या उठावाच्या शिल्पांना ते दुपारपेक्षा पुष्कळ मानवते. आदल्या दिवशी राहून गेलेल्या तीर्थंकर मूर्ती पाहिल्या आणि त्यानंतर बाघच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला पाहिल्या. पाचव्या-सहाव्या शतकातली ती भित्तिचित्रे ओलीमुळे नष्ट होत चालली म्हणून संस्थानाने १९२१ मध्ये चित्रकार बोलावून त्यांच्या नकला करवून घेतल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर हे त्यांत होते. हत्ती-घोड्यांची मिरवणूक आणि टिपऱ्या घेऊन फेर धरलेल्या स्त्रिया या चित्रांत स्पष्ट दिसतात. बाघ धार जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेला आहे. शहादा-नंदुरबारकडून सातपुडा ओलांडून गेल्यास ते ग्वाल्हेरपेक्षा कितीतरी जवळ पडते. मूळ चित्रांचा उरलेला भाग पुढे भिंतींवरून उतरवून बाघलाच जतन केला गेला, त्यामुळे नकला पाहून झाल्यावर मूळ पाहण्याची सोय आपल्या बाजूला आहे. नानांनी तेथे जाण्याचा बेत गाडीतच ठरवून टाकला.

गुरुवार : चांगदेव

भुसावळला उतरल्यावर चाळीसगावची गाडी लगेच होती, पण नानांना मुक्ताईनगर तालुक्यातले चांगदेवाचे देऊळ पाहायचे होते. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यालगत हे काळ्या दगडाचे मंदिर आहे. येथील चांगदेव म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्यांतले योगी, पाटण्याचा ज्योतिषी चांगदेव वेगळा. भक्तांची गर्दी नव्हती. भिंतींच्या कोनाड्यांतल्या स्त्रीमूर्तींपुढे आम्ही एकेक करून उभे राहिलो. आठवड्यापूर्वी मी त्यांना ‘अप्सरा’ म्हणून पुढे गेलो असतो, आता वळलेली कंबर, कानातले, हातातली वस्तू आणि तुटलेली जागा यांकडे लक्ष जात होते. एकीच्या खांद्याजवळ झाडाची फांदी असावी अशी मला शंका आली. नानांच्या मते ती केवळ चवरीची दांडी होती. यावर त्यांचे-माझे एकमत झाले नाही आणि काकूंनी दोघांनाही मुक्ताबाईच्या दर्शनाला उशीर होत असल्याची आठवण करून दिली. नानांनी त्या आकृतीचे रेखाटन केले आहे, मी छायाचित्र घेतले आहे, आणि पुढच्या खेपेस सकाळच्या उन्हात ती फांदी की दांडी हे पुन्हा पाहायचे ठरले आहे.